परळचे हाफकिनसाहेब

मुंबईंत परळ येथें आचार्य दोंदे मार्गानें जाणाऱ्यास झाडांच्या आड एक भव्य जुनी वास्तु दिसते. पोर्तुगीजांच्या काळीं ती जेझुइट पाद्र्यांचा मठ होती. पुढें इंग्रजांनीं ती आपल्या ताब्यांत घेतली आणि मुंबईच्या गव्हर्नरांनीं तेथें आपला निवास केला. ज्यांच्या नांवाचें कॉलेज पुण्यास आहे त्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीस १८८२ सालीं याच वाड्यांत पटकीनें मृत्यु आला. तेव्हांपासून गव्हर्नरांचें मन त्या जागेवरून उडालें व त्यांचें बिऱ्हाड मलबार टेकडीवर गेलें. पटकीनें ज्या वाड्याचें वैभव घालविलें, त्याच वाड्यांत सतरा वर्षांनीं पटकीची लस करणारा एक परदेशी गृहस्थ आपल्या काचेच्या कुप्या मांडून बसला, हा मोठा चमत्कारिक योग होय. त्या गृहस्थाचें नांव वाल्डेमार हाफकिन. त्या वास्तूंतील संस्था आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

हाफकिन हे इंग्रज नव्हते आणि वैद्यही नव्हते. या दोन्ही गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. त्यांच्यावर पुढें जो प्रसंग गुदरला त्यांत या दोहोंचा थोडाबहुत भाग होता, असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा शहरीं १८६० सालीं एका यहुदी कुटुंबांत झाला. ओडेसाच्या विद्यापीठांत ते इल्या मेच्निकॉफ या थोर प्राणिशास्त्रज्ञाचे शिष्य झाले. रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस गिळून टाकतात हें दाखविणारे ते हेच मेच्निकॉफ. १८८१ सालीं रशियाच्या बादशहाचा खून झाला आणि त्याचें निमित्त करून ठिकठिकाणीं यहुद्यांची घरें लुटण्यांत आलीं. आपल्या लोकांच्या बचावासाठीं जे तरुण उभे राहिले त्यांत हाफकिन होते. त्यांस अटक झाली व गुरूंनीं रदबदली केली म्हणून सुटका झाली. विद्यापीठांत त्यांना वरचें पद मिळूं शकलें असतें. अट एवढीच कीं, त्यांनीं बादशाही पंथाचा ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. ती त्यांनीं मान्य केली नाहीं. पदाच्या लोभानें बदललेल्या धर्मास धर्म म्हणवत नाहीं, आणि आमच्या ख्रिस्ती वाचकांसही हाफकिन यांचा नकारच अधिक आवडेल अशी आमची खात्री आहे. या नकारामुळें त्यांना कित्येक वर्षें ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयांत साध्या जागेवर काम करीत राहावें लागलें.

१८८८ सालीं त्यांनीं देश सोडला. वर्षभर जिनिव्हा येथें शिकवून ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेंत आले. तेथें मेच्निकॉफ आधींच पोहोंचले होते. संस्थेंत जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची, आणि या विद्वान् गृहस्थानें तीच पत्करली. दिवसा पुस्तकें लावावीं, सवड मिळेल तेव्हां प्रयोग करावे, आणि राहिलेल्या वेळांत व्हायोलिन वाजवावें, असा त्यांचा क्रम होता. या सवडीच्या प्रयोगांतूनच पटकीची लस निघाली. १८ जुलै १८९२ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. ताप आला व उतरला, तेव्हां मग त्यांनीं आपल्या कांहीं रशियन मित्रांस ती टोचली.

लस निघाली, पण ती खरी उपयोगी पडते कीं नाहीं हें पटकी असेल तेथेंच कळणार. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे त्या वेळीं पॅरिसला इंग्रजांचे वकील होते. त्यांच्या साह्यानें हाफकिन मार्च १८९३ मध्यें कलकत्त्यास उतरले. पुढील दोन-अडीच वर्षांत आगऱ्यापासून आसामांतील चहाच्या मळ्यांपर्यंत हिंडून त्यांनीं सुमारें ४२ हजार माणसांस लस टोचली. त्यांचे नियम दोन. एक, ज्याची इच्छा असेल त्यालाच टोचावयाचें. दुसरा, एकाच घरांत वा वस्तींत टोचलेल्यांचें व न टोचलेल्यांचें पुढें काय झालें याची नोंद ठेवावयाची. आपल्या औषधाचा गवगवा करणारे त्या काळींही पुष्कळ होते. परंतु आपलें औषध लागू पडलें नाहीं तर तेंही कागदावर यावें, अशी व्यवस्था स्वतःच करून ठेवणारे फार विरळा. या वणवणींत त्यांना हिंवतापानें गांठलें व ते कांहीं काळ युरोपला जाऊन परत आले.

इतक्यांत मुंबईवर घाला पडला. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं एका रोग्याची परीक्षा करून हा प्लेग आहे असें निदान केलें. पुढील हकीकत आमच्या घरोघरच्या वृद्धांनीं आपल्या वडिलांकडून ऐकलेली आहे. शहरांतून लोक पळूं लागले, बाजार ओस पडले, घराघरांवर तपासणीच्या खुणा झाल्या. पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. आणि तपासणीच्या जुलमानें चिडलेल्या चाफेकर बंधूंनीं त्याच वर्षीं जून महिन्यांत रँडसाहेबास गोळी घातली.

सरकारानें हाफकिन यांस मुंबईस पाठविलें. ७ ऑक्टोबर १८९६ रोजीं ते आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना एक लहान खोली व तिच्यापुढील पडवी मिळाली. मदतीची माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं, आणि तींही टिकेनात. कामाच्या ताणानें एकाचें डोकें बिघडलें व दोघे सोडून गेले.

प्लेगचे जंतु वाढवावयाचे कशांत, ही पहिली अडचण. मांसाच्या काढ्यांत ते वाढतात. परंतु गोमांस वा डुकराचें मांस वापरलें तर ती लस या देशांत घेणार कोण? म्हणून बकऱ्याचें मांस घेतलें. त्या काढ्यावर हाफकिन यांनीं तुपाचे थेंब तरंगत सोडले. या थेंबांच्या खालच्या अंगास जंतु चिकटून वाढत, आणि गुहेच्या छतापासून चुनखडीचे झुंबर लोंबावे तसे बारीक धागे काढ्यांत लोंबत राहात. कांहीं दिवसांनीं कुपी हलवावी, धागे खालीं पडावे, नवे धागे धरावे. असें आठवड्यामागून आठवडे चालावयाचें. आपल्या स्वयंपाकघरांतील तूप या कामीं आलें हें वाचून आमच्या वाचक भगिनींस कौतुक वाटेल. भरपूर जंतु वाढले म्हणजे कुपी तापवून त्यांस ठार करावयाचें, आणि मग त्यांत थोडें कार्बॉलिक अॅसिड घालावयाचें. या मेलेल्या जंतूंचा काढा म्हणजेच लस. ती टोचली म्हणजे शरीर त्या शत्रूस ओळखूं लागतें.

१० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ही लस आपल्या अंगांत टोचवून घेतली, आणि मात्रा घेतली ती इतरांस द्यावयाच्या मात्रेहून पुष्कळ मोठी, १० घन सेंटिमीटर. जबर ताप आला व टोचलेली जागा अतिशय दुखूं लागली, पण आपलें काम त्यांनीं थांबविलें नाहीं. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील तीनशेंवर कैद्यांपैकीं सुमारें निम्म्यांनीं आपखुषीनें टोचून घेतलें. अन्न तेंच, जागा तीच, पाणी तेंच. फरक काय तो सुईचा. पुढील दिवसांत न टोचलेल्यांत रोगाचा फैलाव कितीतरी अधिक झाला. ही बातमी पसरली तशी पडवींत लोकांची रीघ लागली. आगाखान यांनीं स्वतः टोचून घेऊन आपल्या खोजा अनुयायांस धडा घालून दिला व प्रयोगशाळेसाठीं जागाही दिली. शेवटीं १० ऑगस्ट १८९९ रोजीं परळच्या त्या जुन्या वाड्यांत प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते उघडण्यांत आली.

येथपर्यंतचें चरित्र चढतीचें आहे. आतां त्या बाटलीची हकीकत.

१९०२ सालीं पंजाबांत प्लेगनें कहर केला व तेथील सरकारानें फार मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचें योजिलें. परळला लसीची मागणी एकाएकीं वाढली. काम लौकर उरकावें म्हणून हाफकिन यांनीं कृतींत एक फेर केला. कार्बॉलिक अॅसिड घालण्याचें सोडून ते केवळ उष्णतेनें जंतु मारण्यावर विसंबले. पॅरिसच्या संस्थेंत ही रीत आधींपासून चालू होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं मुल्कोवाल नांवाच्या एका खेड्यांत १०७ माणसांस लस टोचण्यांत आली. हा भाग आतां पाकिस्तानांत आहे. त्या दिवशीं पांच बाटल्या फोडल्या. त्यांपैकीं ५३-एन या खुणेच्या बाटलींतून १९ जणांस टोचलें होतें. ६ नोव्हेंबरच्या सुमारास त्यांचे जबडे आंवळूं लागले, पाठी कमानीसारख्या ताठल्या. तो धनुर्वात होता. एकोणीसच्या एकोणीस माणसें मेलीं. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या माणसांपैकीं एकासही तो रोग झाला नाहीं.

धनुर्वाताचे जंतु मातींत व गुराढोरांच्या शेणांत असतात. सुकून गेले तरी ते मरत नाहींत. बीजरूपानें वर्षानुवर्षें पडून राहतात, आणि जेथें हवा पोहोंचत नाहीं अशी जागा सांपडली कीं पुन्हा जागे होतात. साध्या उकळण्यास ही बीजें सहज दाद देत नाहींत, मग कार्बॉलिकच्या पाण्यांत क्षणभर बुडविल्यानें त्यांना काय होणार? आमच्या पायांत खिळा रुतला तर घरचीं माणसें तातडीनें डॉक्टरकडे नेतात तें याच जंतूंच्या भीतीनें. पण पायांत रुतलेला खिळा निदान डोळ्यांस दिसतो. बाटलींत पडलेला मातीचा कण कोणास दिसावा?

तर मग तो कण त्या बाटलींत केव्हां पडला? सर्व प्रश्न येथें येऊन ठेपतो. बाटली परळला भरली जात असतां, कीं ४१ दिवसांनंतर मुल्कोवाल येथें उघडली जात असतां?

सरकारानें चौकशी-मंडळ नेमलें. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स हे त्याचे अध्यक्ष होते. बाटली उघडण्यापूर्वींच ती दूषित झाली असावी असा मंडळाचा निर्णय पडला, आणि कार्बॉलिक गाळल्याबद्दल हाफकिन यांस दोष लागला. त्यांस संचालकपदावरून दूर करण्यांत आलें. ज्या वाड्यांत त्यांनीं प्रयोगशाळा उभारली त्या वाड्यांतून ते बाहेर पडले आणि बिनपगारी रजेवर लंडनला जाऊन बसले.

पण मंडळापुढें आलेल्या साक्षींतच एक लहानशी गोष्ट नमूद होती. बूच काढतांना साहाय्यकाच्या हातांतून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्यानें उचलला, कार्बॉलिकच्या पातळ पाण्यांत बुचकळला आणि त्यानेंच ५३-एनचें बूच ओढून काढलें. चिमटा ज्योतीवर धरून तापविला असता तर हें चरित्र आम्हांस निराळें लिहावें लागलें असतें. आणखीही दोन गोष्टी होत्या. धनुर्वाताचे जंतु बाटलींत वाढले म्हणजे तिला घाण येते; परंतु ५३-एन उघडली तेव्हां कसलाही वास आला नव्हता. शिवाय ४१ दिवस जंतु वाढत असते तर त्यांचें विष तयार होऊन बाटलींत भरून राहिलें असतें, व टोचलेलीं माणसें फार लौकर आजारी पडलीं असतीं. येथें तर सुमारें आठवडा लागला. जंतु नुकतेच शिरले असावेत असें यावरून दिसतें.

त्या साहाय्यकावर सारा राग काढावा असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. दिवसभर शेंकडों माणसें रांगेंत उभीं, धूळ उडते आहे, वरिष्ठ घाई करतात, अशा वेळीं पडलेला चिमटा पाण्यांत बुडवून पुढें जाणारे हात त्या एकट्याचे नव्हते. पाण्यांत बुडविलेली वस्तु डोळ्यांस स्वच्छ दिसते, आणि स्वच्छ दिसणें व निर्जंतुक असणें यांतील भेद त्याला कोणी नीट समजावून दिला होता कीं नाहीं, हाही प्रश्नच आहे. आणि कार्बॉलिक गाळण्याचा निर्णय हाफकिन यांचा होता, हेंही आम्ही लपवीत नाहीं. ती रीत शास्त्रास धरून होती व अर्धा टक्का कार्बॉलिक धनुर्वाताच्या बीजांस मारीत नाहीं, हें खरें. तरीपण इतक्या मोठ्या कामाच्या ऐन गर्दींत जुना पहारा उठविणें शहाणपणाचें होतें काय, असें विचारणारास आम्ही गप्प बसविणार नाहीं. पहारा ठेवला असता तरी चिमटा पडलाच असता, एवढेंच त्यावर आमचें म्हणणें. पुढें वाद वाढला तेव्हां बाटलीचा नंबर सर्वांस पाठ झाला. १९ खेडुतांचीं नांवें मात्र मागेंच राहिलीं.

आज इस्पितळांतून टोचण्याचें औषध तयार करितात त्या खोलींत आमच्यापैकीं कोणी डोकावला तर त्याला वाटेल, हे लोक कोणत्या शत्रूस इतके भितात! हात कोपरापर्यंत धुवावयाचे, केस व तोंड झांकावयाचें, हातमोजे चढवावयाचे. हवा गाळून आंत सोडलेली, आणि औषध हाताळावयाचें तें काचेआड, गाळलेल्या हवेच्या संथ प्रवाहांत. कुपीचें रबरी तोंड स्पिरिटनें पुसून तें वाळेपर्यंत थांबावयाचें, कारण ओलें असतांना सुई खुपसली तर पुसण्याचा उपयोगच राहात नाहीं. सुई प्रत्येक वेळीं नवी. तिच्या टोंकास बोट लागलें कीं ती टाकून द्यावयाची. खालीं पडलेली वस्तु उचलून पुन्हा वापरावयाची नाहीं, मग ती कितीही महाग असो. हत्यारें दाबाखालच्या वाफेंत १२१ अंशांवर तापवून निघतात, कारण साध्या उकळत्या पाण्यांतून धनुर्वाताचें बीज सुटून जाऊं शकतें. पोटांत घेतलेल्या औषधांतील घाण पुष्कळदां पोटच सोसून घेतें. सुईनें दिलेल्या औषधापुढें तसा दरवाजाच नसतो.

लंडनला हाफकिन स्वस्थ बसले नाहींत. चौकशीचे कागद ते मिळवीत राहिले व आपली बाजू मांडीत राहिले. तरीही वर्षें जात होतीं. पंजाबांतील लोकांचा लसीवरील विश्वास तर उडालाच होता. माणसें प्लेगनें मरत होतीं आणि सुईस हात लावूं देत नव्हतीं. शेवटीं त्यांच्या बाजूस रोनाल्ड रॉस उभे राहिले. डासांतून हिंवताप पसरतो हें दाखवून १९०२ सालचें नोबेल पारितोषिक मिळविणारे हे शास्त्रज्ञ आमच्याच देशांत, अल्मोड्यास, जन्मलेले. त्यांनीं वृत्तपत्रांतून सर्व पुरावा पुन्हा उकलून दाखविला आणि जुलै १९०७ मध्यें त्यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांनीं सह्या करून हाफकिन यांस न्याय द्यावा असें पत्र लंडनच्या टाइम्समध्यें छापलें. त्या वर्षाच्या अखेरीस सरकार नमलें. पांच वर्षांचा कलंक धुतला गेला.

धुतला गेला खरा, पण सर्वस्वीं नव्हे. हाफकिन परत हिंदुस्थानांत आले तेव्हां परळची जागा भरलेली होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेवर नेमलें, आणि तेथें लस करण्याची सोय नव्हती. ज्यानें लाखों माणसांस पुरेल एवढी लस केली त्यानें आतां कागदावर शास्त्रचर्चा करावी, असा हा मान होता. कांहीं वर्षें तें काम करून, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, ते निवृत्त होऊन युरोपला गेले. मुंबईस पुन्हा आले नाहींत.

पुढील आयुष्य त्यांनीं एकांतांत घालविलें. लग्न त्यांनीं केलेंच नव्हतें. तरुणपणीं ज्या धर्मासाठीं पद सोडलें त्या धर्माच्या आचारांत ते अधिकाधिक रमत गेले, व आपली मिळकत त्यांनीं पूर्व युरोपांतील यहुदी पाठशाळांच्या साह्यासाठीं ठेवली. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेचे तेव्हांचे संचालक कर्नल मॅकी यांच्या सूचनेवरून त्या संस्थेस हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें. ही बातमी त्यांस पत्रानें कळविण्यांत आली, आणि मुंबईंत काढलेल्या वर्षांविषयीं मनांत आदरच आहे असें उत्तर त्यांच्याकडून आलें. १८९७ पासून त्या सालापर्यंत मुंबईहून बाहेर गेलेल्या प्लेगच्या लसीच्या मात्रा सुमारें २ कोटी ६० लक्ष भरतात.

२६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान शहरीं हाफकिन वारले, तेव्हां त्यांचें वय ७० होतें. मुल्कोवालच्या गोष्टीस त्या आठवड्यांत बरोबर अठ्ठावीस वर्षें होत होतीं. परळला त्याही दिवशीं बाटल्या भरण्याचें काम चालूं होतें.